बोराटीची कमान

माणूस घर बांधतो ते राहण्यासाठी, असा एक गैरसमज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे. नुसतं राहायचंच असेल तर माणूस कुठेही राहतो. पत्र्याखाली राहतो, सासुरवाडीला राहतो, बदलीच्या गावी एका खोलीत लेकराबाळांसह राहतो (आणि वर तब्येत सुधारून येतो). घर बांधलं जातं ते दुसऱ्यानं येऊन बघावं म्हणून. बघणाऱ्यानं बघितलं, भिंतीवर टकटक करून पाहिली, 'फरशी कुठली?' असं विचारलं आणि परत जाताना मनातल्या मनात स्वतःच्या घराला नावं ठेवली, की घर पूर्ण झालं असं समजण्यात येतं. तोपर्यंत त्याला बांधकाम म्हणतात.

घाटनांदूरच्या समृद्धी कॉलनीत हायस्कूलचे शिक्षक अर्जुनराव यांनी बांधलेलं घर या नियमानुसार अजून बांधकामच होतं, आणि याची सगळ्यात जास्त बोच त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई यांना होती. वास्तुशांतीला अर्धं गाव जेवून गेलं होतं. पण एक माणूस आलं नव्हतं. ते माणूस म्हणजे सत्यशीलाबाईंच्या मोठ्या जाऊ, पारूबाई. लग्न होऊन आल्यापासून सत्यशीलाबाईंनी ज्यांच्याशेजारी बसून भाकरी थापल्या, ज्यांच्याकडून शिव्या आणि वाळवणं सारख्याच मापानं घेतली, त्या पारूबाईंनी हॉलमध्ये उभं राहून 'बरं केलंस गं' म्हटल्याशिवाय त्यांना ते घर आपलं वाटत नव्हतं. बाकी गावानं केलेली स्तुती त्यांनी ऐकली होती, पण ती त्यांना लागू पडली नव्हती.

पारूबाई न येण्याचं कारण करडई हे होतं. अर्जुनरावांचं रान त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे पारूबाईंचे पती, बबनराव यांच्या रानाच्या मागे आहे, आणि तिकडे जायची वाट बबनरावांच्या रानातून जाते. एका वर्षी अर्जुनरावांनी भाड्यानं आणलेल्या ट्रॅक्टरचं चाक वाट सोडून बबनरावांच्या करडईवरून गेलं. चाकाखाली नेमकी किती झाडं आली याबद्दल दोन्ही पक्षांत मतभेद आहेत (ट्रॅक्टरवाला अद्याप तटस्थ आहे). बबनरावांनी त्याच संध्याकाळी वाटेवर बोराटी आणून टाकली.

बाहेरगावच्या वाचकांसाठी खुलासा. बोराटी म्हणजे बोरीची तोडलेली काटेरी फांदी. आमच्याकडे ती वाटेवर आडवी टाकली की वाट बंद झाली असं समजायचं. नुसती वाट नव्हे, वाटेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या माणसांचं बोलणं-चालणं, हळदी-कुंकू, लग्नाचं आवतन, मिरचीचं वाटण मागणं, सगळं बंद. त्यासाठी पाटी लावावी लागत नाही. सरकारी नोटीस दारावर चिकटवली तरी लोक वाचत नाहीत, पण बोराटी जन्मापासून आंधळा असलेला माणूससुद्धा वाचतो (पायानं). पुरुषांचं बोलणं बंद झालं की बायकांचं आपोआप बंद झालेलं धरतात. तसं ते पारूबाई आणि सत्यशीलाबाई यांचंही झालं, आणि त्या दोघींना कुणी विचारलंही नाही.

अशा परिस्थितीत कॉलनीत स्वप्ना मॅडम राहायला आल्या.

स्वप्ना मॅडमचे पती बँकेत अधिकारी होते आणि स्वतः मॅडम मोबाइलवर होत्या. रानात वाळून पडलेल्या झाडाझुडपांपासून घर सजवण्याची कला त्यांनी तिथेच आत्मसात केली होती. कॉलनीतल्या महिलांचं अज्ञान बघून त्यांना राहवलं नाही. त्यांनी गच्चीवर 'रानातून हॉलमध्ये' या नावाची कार्यशाळा घेतली आणि तिथे या कलेचा पहिला आणि एकमेव नियम सांगितला. तो असा, की वस्तूचं नाव विसरा.

"नाव आठवलं की कचरा दिसतो," मॅडम म्हणाल्या. "नाव विसरलात की टेक्स्चर दिसतं."

हा विचार क्रांतिकारक होता. जमलेल्या बायका शेतकऱ्यांच्या लेकी होत्या. रानातून घरी येताना पायाला, पातळाला आणि केसांना चिकटलेली प्रत्येक वस्तू दाराबाहेर झटकून मगच आत यायचं, हे त्यांच्या आयांनी त्यांना चापट्या मारून शिकवलं होतं. आता तीच वस्तू टोपलीत घालून, फडक्यानं पुसून, सन्मानानं आत आणायची होती. सुरुवातीला जड गेलं. पण सत्यशीलाबाई हुशार होत्या. त्यांनी घरी येऊन तुरीच्या वाळक्या तुराटीकडे एकटक बघितलं, आणि चहाला उकळी फुटेपर्यंत त्या तिचं नाव विसरल्या.

त्यानंतर रानं साफ होऊ लागली. रब्बीची काढणी झालेली, ऊस तोडायला गेलेली माणसं परत यायला लागलेली, आणि बांधाबांधावर समृद्धी कॉलनीच्या बायका पायात बूट घालून खाली वाकलेल्या, असं दृश्य गावानं पहिल्यांदाच पाहिलं. लोकांना वाटलं, मोजणी आली. दोघातिघांनी घाईघाईनं आपापले हद्दीचे दगड तपासून घेतले. आश्रुबा नावाचे म्हातारे शेतकरी जरा धीराचे होते. ते जवळ आले.

"जळान पायजे का बाई? ट्रॉलीभर घेऊन जा की. आमाला काय करायचंय."

"जळण नाही बाबा, डेकोरेशन आहे."

आश्रुबांनी थोडा विचार केला. "बरं बरं. मंग त्याचं जळान कधी करायचंय?"

या प्रश्नाचं उत्तर कार्यशाळेत शिकवलेलं नव्हतं.

सत्यशीलाबाईंच्या हॉलमध्ये महिन्याभरात जे उभं राहिलं त्याचं वर्णन करताना कुणाचीही लेखणी अडखळेल (पाय तर अडखळतीलच). टीव्हीच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, बोंडांची टोकदार नखं तोडून पांढऱ्या रंगात बुडवलेल्या. टीपॉयवर करडईची वाळकी बोंडं होती, त्यामुळे टीपॉयवर कप ठेवायचा असेल तर कप हातातच ठेवावा लागे. सोफ्याच्या मधोमध घायपाताचा दांडा आडवा विसावला होता. एकट्या माणसाला बसायच्या खुर्चीत बाभळीच्या शेंगांनी भरलेला माठ बसलेला होता. भिंतीवर कुसळांची चटई होती, तिच्याजवळून जाताना माणूस गेला तरी शर्टाची बाही मागे राहायची. गोखरूंचं तोरण दरवाजाला होतं. शोभेसाठी एक गोवरीही आणलेली होती. ती वनस्पतीत मोडते का, असा प्रश्न निघाला तेव्हा स्वप्ना मॅडमनी निर्णय दिला की मुळात ती वनस्पतीच होती, मध्ये म्हशीनं हस्तक्षेप केला.

सगळ्यात मानाचं स्थान पाणकणसांना होतं. ती माजलगावच्या धरणाच्या फुगवट्याकडून खास मागवली होती, पुरुषभर उंच, तपकिरी, गुबगुबीत. ही कणसं दिसायला मऊ असली तरी स्वभावानं तापट असतात. जरा वारा लागला की फुटतात आणि एकेका कणसातून पिंजलेल्या गादीइतका कापूस बाहेर येतो. म्हणून घरात पंखा लावण्यास मनाई करण्यात आली. चैत्र सुरू होता. बाहेर कावळे झाडाखाली चोच उघडून बसत होते, आणि आत अर्जुनराव बंद पंख्याखाली तोंड उघडून बसत होते. शिवाय एरंडाची बोंडं उकाड्यानं तडकत आणि आतली बी कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय सुटे. टीव्हीवर बातम्या ऐकत असताना कानाला एरंडी लागणं हा प्रकार अर्जुनरावांनी पुढे पुढे बातम्यांचाच भाग म्हणून स्वीकारला.

कॉलनीनं केलेल्या पाहणीत शंभरापैकी नव्वद पाहुण्यांनी या सजावटीला 'छान' असा शेरा दिला. उरलेल्या दहांच्या पायात गोखरू रुतलेलं असल्यामुळे त्यांचं मत नोंदवता आलं नाही.

अर्जुनरावांनी सुरुवातीला आक्षेप घेतला होता. "अगं, हे उपटून बांधाबाहेर टाकण्यात माझ्या बापाचं आयुष्य गेलं," एवढंच ते म्हणाले होते. त्यावर सत्यशीलाबाईंनी त्यांना 'तुम्हाला नावं आठवतात, हाच तुमचा प्रॉब्लेम आहे' असं सुनावलं. तेव्हापासून ते शाळेत जास्त वेळ थांबू लागले. मुख्याध्यापकांनी त्यांच्या या वाढलेल्या निष्ठेचा प्रार्थनेच्या वेळी जाहीर उल्लेख केला.

एवढं होऊनही पारूबाई आल्या नव्हत्या.

सत्यशीलाबाई रोज वाट बघत. गावात एवढी चर्चा चाललीय, बायका मोबाइलवर फोटो दाखवतायत, म्हणजे आक्कांच्या कानावर गेलंच असणार, असा त्यांचा हिशेब होता. बघायला म्हणून येतील, नावं ठेवायला म्हणून का होईना, पण येतील. नसतील येत तर सजावटीतच काहीतरी कमी आहे. काय कमी आहे हे त्यांना एका सकाळी कळलं. फाटक उघडंबोडकं होतं. आत एवढं वैभव आणि फाटकाला काहीच नाही.

त्या सकाळी त्या आपल्या रानाकडे निघाल्या. बबनरावांच्या बांधापाशी आल्या आणि थबकल्या. वाटेवर ती पडलेली होती. उन्हापावसानं साल गळून गेलेली, चांदीसारखा राखाडी रंग आलेली, मधून डौलदार वाकलेली, आणि मध्यावर हिरव्या कापडाची एक फिकट चिंधी बांधलेली. एरवी या जागी आलं की सत्यशीलाबाई मान खाली घालून लांबच्या वळणानं जायच्या. पण आता त्या प्रशिक्षित होत्या. त्यांनी नाव आठवलं नाही. त्यांनी आकार बघितला, रंग बघितला, 'मधल्या हिरव्या टचमुळे किती उठाव आलाय' असं स्वतःशी म्हणाल्या, आणि दीर-भावजयीत, भावाभावांत, जावाजावांत आडवी पडलेली ती बोराटी उचलून, डोक्यावर घेऊन घरी आल्या.

दुपारपर्यंत फाटकाच्या दोन खांबांवर तिची कमान झाली.

अर्जुनराव संध्याकाळी शाळेतून आले. फाटकाशी थांबले. त्यांनी वर बघितलं, चिंधी ओळखली, आणि ते हळूहळू उजळत गेले. दादाच्या वाटेवरची काटी उचलून आपल्या बायकोनं आपल्या दाराला लावली! म्हणजे वाटही मोकळी केली आणि दादाला सांगितलंही, की आता आमच्या दारात यायचं नाही. इतकी वर्षं आपल्या घरात एवढी मुत्सद्दी बाई राहते आहे आणि आपल्याला पत्ता नाही!

"लई बेस केलंस," ते गदगदून म्हणाले. "ह्याला म्हणतात काम."

सत्यशीलाबाईंना भरून आलं. सजावटीबद्दल नवऱ्यानं काढलेले हे पहिले चांगले शब्द होते. त्या रात्री अर्जुनरावांच्या ताटात शिरा वाढण्यात आला. शिरा कशासाठी आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, फक्त ते वेगवेगळं ठाऊक होतं.

कमानीचा फोटो मोबाइलवर पडला आणि त्याला आजवर कुणाच्याच फोटोला मिळाले नव्हते इतके बदाम मिळाले. पुण्याहून, नाशिकहून, दुबईहून बायकांनी डोळ्यांत बदाम असलेले चेहरे पाठवले. आणि त्याच दिवसापासून घरी माणूस येणं बंद झालं.

यामागे काही गूढ नव्हतं. नाव विसरण्याचं प्रशिक्षण फक्त कॉलनीतल्या बायकांना मिळालं होतं. गावाला अजून मिळालेलं नव्हतं. लग्नाचं आवतन द्यायला आलेले आश्रुबा फाटकापर्यंत आले, कमानीकडे बघितलं, पत्रिका भिंतीवरून आत टाकली आणि परत गेले. दूधवाला पिशवी रस्त्यावर ठेवून लांबून हाका मारू लागला. वर्गणी मागणारे आले नाहीत. विमा एजंट आला नाही (या घटनेला जिल्ह्याच्या इतिहासात तोड नाही). सत्यशीलाबाईंनी याचा अर्थ असा लावला की घर आता इतकं सुंदर झालं आहे की लोकांना आत यायला संकोच वाटतो.

कॉलनीतल्या इतर बायकांनीही हे पाहिलं, आणि त्यांना त्यातला फायदा ताबडतोब दिसला. पाहुणा येतो तेव्हा तो पऱ्हाटीला धक्का मारतो, त्याचं पोरगं कणीस ओढतं, आणि त्याला वर चहा द्यावा लागतो. पाहुणा नसलेल्या घरातली सजावट वर्षभर ताजी राहते. पंधरवड्यात कॉलनीतल्या प्रत्येक फाटकावर बोराटी चढली. ज्यांना मिळाली नाही त्यांनी बाभळीवर भागवलं. रस्त्यांवर शुकशुकाट झाला. महिला मंडळाच्या सभेत ठराव मांडण्यात आला की समृद्धी कॉलनी ही पंचक्रोशीतली सर्वांत सुंदर, स्वच्छ आणि शांत वसाहत झालेली असून त्याबद्दल ही सभा स्वतःचं अभिनंदन करत आहे. ठराव मंजूर झाला. सभा अर्थातच मोबाइलवर झाली.

इकडे गावात पारूबाईंनी वाट मोकळी झालेली पाहिली.

त्या रानात गेल्या होत्या. बोराटी जागेवर नव्हती. चौकशी केली तेव्हा कळलं की सत्यशीलाबाई स्वतः आल्या होत्या आणि स्वतःच्या हातानं काटी उचलून घेऊन गेल्या. पारूबाई बांधावर जरा वेळ बसल्या. मग घरी येऊन त्यांनी उतरंडीतलं मडकं उतरवलं. त्यात हरभऱ्याची वाळवलेली भाजी होती. बोलणं बंद झालं तरी धाकट्या जावेच्या वाट्याची भाजी त्या दर हिवाळ्यात वाळवतच होत्या. फक्त पाठवत नव्हत्या. त्यांनी ती पिशवीत भरली आणि बबनरावांना सांगितलं, "मी शीलीकडं चालले." बबनराव खाटेवर या कुशीवरून त्या कुशीवर झाले. ही संमती समजण्यात आली.

सत्यशीलाबाई त्या वेळी हॉलमध्ये श्वास रोखून पाणकणसांवरची धूळ पुसत होत्या. खिडकीतून त्यांना रस्त्यावर पदर डोक्यावर घेतलेली, जरा डावीकडे झुकून चालणारी बाई दिसली. ती चाल त्यांनी हजारात ओळखली असती. आक्का येत होत्या. घर पूर्ण होणार होतं.

पारूबाई फाटकापाशी आल्या. थांबल्या. वर बघितलं. हात उंच करून त्यांनी ती हिरवी चिंधी दोन बोटांत धरली. मग चिंधी सोडली आणि त्या आल्या पावली मागे वळल्या.

"आक्का!"

सत्यशीलाबाई धावल्या. वाटेत सोफ्याबाहेर आलेला घायपाताचा दांडा आडवा आला, तो त्यांनी ओलांडला. टीपॉयला धक्का लागून करडई खाली सांडली, ती तुडवली. दारातलं गोखरूंचं तोरण डोक्यात घेऊन त्या अंगणात आल्या आणि अर्धवट उघड्या फाटकातून बाहेर झेपावल्या. तिथे कमानीनं त्यांना धरलं. आधी पदर, मग बाही, मग अंबाडा.

बोरीला काटे जोडीनं असतात. एक सरळ आणि एक वाकडा. सरळ नुसता टोचून मोकळा होतो. वाकडा धरून ठेवतो. सत्यशीलाबाईंना दोन्ही मिळाले होते.

"आक्का, थांबा ओ!"

पारूबाई थांबल्या, पण वळल्या नाहीत. "कावून थांबू? काटी लावलीस न्हवं दारात?"

"काटी न्हाई आक्का, कमान हाय ती!"

"मला शिकवतीस? त्या काटीला चिंधी मी बांधलीया. आपल्या दोघीला एकाच लग्नात घेतलेल्या लुगड्याची. म्हनलं, तू दिसली तर वळखशील, की ही काटी माझ्या मनानं न्हाई टाकलेली." पारूबाईंचा आवाज चढला. "आन् तू काय केलंस? रानातली वाट मोकळी करून घेतलीस, आन् घराची बंद केलीस. लई शानी निघालीस, लई."

सत्यशीलाबाईंनी मान वर केली (अंबाडा अडकलेला असल्यामुळे तेवढीच दिशा मोकळी होती). डोळ्यांसमोर चिंधी होती. हिरव्या कापडाला बारीक पिवळी काठ-पट्टी होती. त्याच्या जोडीचं दुसरं लुगडं त्यांच्या स्वतःच्या कपाटात होतं. इतके दिवस खालून जाता-येता बघितलं आणि ओळखलं नाही. तेवढ्या एका क्षणात त्यांना सगळ्या वस्तूंची नावं परत आठवली. ही बोराटी. ती तुराटी. ते कुसळ. ती गोवरी. आणि फाटकाबाहेर पाठ करून उभी ती आक्का.

त्या रडायला लागल्या. "माझ्या ध्यानातच न्हाई आलं ओ. तुमी यावं म्हनून केलं समदं. तुमी एकदा बघावं म्हनून. तिचा रंग लई चांगला व्हता, म्हनून लावली."

"रंग?" पारूबाई आता वळल्या. "काटीचा रंग बघितलास?"

"चांदीवानी हाय, बघा की."

पारूबाईंनी बोराटीकडे बघितलं, बोराटीत लटकलेल्या जावेकडे बघितलं, तिच्या केसांतल्या गोखरूंकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडाला पदर लागला. हसू दाबायची त्यांची ती जुनी रीत होती. "हलू नगं आता," त्या जवळ येत म्हणाल्या. "हललीस की अजून गुतशील. बाई, बाई, बाई. मास्तरीन झाली आन् अक्कल इकून आली."

एकेक काटा सोडवत त्यांनी जावेला मोकळं केलं. समोरच्या गच्चीवरून स्वप्ना मॅडमनी या प्रसंगाचं चित्रीकरण केलं आणि त्याला 'मातीशी नातं' असं नाव दिलं.

मग पारूबाई घरात आल्या. अखेर आल्या. हॉलच्या मधोमध उभं राहून त्यांनी चौफेर नजर फिरवली. सत्यशीलाबाई तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. 'बरं केलंस गं' आता येईल, मग येईल.

"बसू कुटं?" पारूबाईंनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. सोफ्यावर दांडा होता, खुर्चीत माठ होता, खाली करडई होती.

"आन् उकडतंय केवढं. पंखा लाव."

"पंखा न्हाई लावता येत आक्का. कणसं उडत्यात."

"मान्सं भाजली तर चालत्यात, कणसं उडली तर न्हाई व्हय?" असं म्हणून पारूबाईंनी भिंतीवरचं सगळ्यात मोठं बटण दाबलं, आणि शेजारचं गोल बटण शेवटपर्यंत फिरवलं.

पुढचं वर्णन ज्यांना पटणार नाही त्यांनी पाणकणसं आणून प्रयोग करून बघावा. पहिलं कणीस फुटलं तेव्हा नुसता धूर निघाल्यासारखं वाटलं. मग दुसरं फुटलं, मग सगळीच फुटली. हॉलमध्ये पांढरं आभाळ भरलं. त्यात कोपऱ्यात मांडलेल्या रुईच्या बोंडांतून म्हाताऱ्या उठल्या आणि गरगर फिरायला लागल्या. कुसळांची चटई भिंतीवरून सुटून टीव्हीला बिलगली. एरंडाची बोंडं एकामागून एक तडतडली आणि बिया छताला लागून खाली येऊ लागल्या. पऱ्हाट्या एकमेकींवर कोसळल्या. माठ लवंडला आणि बाभळीच्या शेंगा खुळखुळत घरभर पळाल्या. सत्यशीलाबाई पंख्याच्या बटणाकडे निघाल्या, शेंगांवरून घसरल्या आणि जावेच्या अंगावर जाऊन पडल्या. दोघी खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. आधी खोकल्या, मग शिंकल्या, मग हसायला लागल्या, आणि हसू थांबवायचं कसं हे दोघींनाही आठवेना.

अर्जुनराव शाळेतून आले तेव्हा हॉलमध्ये दोन पांढऱ्याशुभ्र केसांच्या, पांढऱ्या भुवयांच्या म्हाताऱ्या जमिनीवर बसून एकमेकींच्या मांडीवर थापा मारत होत्या. आपल्याला आज शाळेतून यायला नेमकी किती वर्षं लागली, असा प्रश्न त्यांना क्षणभर पडला.

"भावजी, या की," पारूबाई म्हणाल्या. त्यांनी सोफ्यावरचा घायपाताचा दांडा ओढून बाजूला टाकला, पदरानं जागा झटकली आणि ऐसपैस बसल्या. पंख्याखाली मान मागे टाकली. "हां. आता बरं केलंस गं. लई बेस हाय घर."

त्या संध्याकाळी परसात तीन दगड मांडून बोराटीवर दोघींच्या अंघोळीचं पाणी तापवण्यात आलं (वाळकी बोर चांगली धगधगते). सजावटीच्या उरलेल्या भागावर वाळवलेल्या भाजीला लसणाची फोडणी बसली. आश्रुबांच्या प्रश्नाचं उत्तर अशा रीतीनं मिळालं. हिरवी चिंधी मात्र पारूबाईंनी सोडवून कनवटीला लावली. बबनरावांना भाजीचा डबा गेला. त्यांनी तो पुसून खाल्ला आणि वाटेबद्दल अवाक्षर काढलं नाही. आमच्याकडे याला तडजोड म्हणतात.

त्यानंतर सत्यशीलाबाईंच्या घराची जी अवस्था झाली ती सांगवत नाही. अख्ख्या कॉलनीत मोकळं फाटक ते एकच. त्यामुळे आवतनं तिथे, वर्गणी तिथे, पाणी मागणारे तिथे, विमा एजंट तर दिवसाआड तिथे. सोफ्यावर डाग पडले. भिंतीला डोक्याच्या तेलाचे गोल उमटले. पारूबाई तर आठवड्याच्या बाजाराला आल्या की हॉलमध्ये पंखा लावून आडव्याच होतात. महिला मंडळानं याची गंभीर दखल घेतली असून 'सदर घरात माणसे ये-जा करत असल्याचे वारंवार निदर्शनास आले आहे, तरी कॉलनीचा दर्जा लक्षात घेऊन योग्य तो बंदोबस्त करावा' असा संदेश त्यांना पाठवण्यात आला आहे. सत्यशीलाबाईंनी तो अजून वाचलेला नाही. त्यांच्याकडे पाहुणे होते.

बाकीची समृद्धी कॉलनी मात्र आजही बघण्यासारखी आहे. घाटनांदूरला आलात तर जरूर जा. रस्त्यावर उभं राहून फोटो काढा, बदाम पाठवा आणि परत या. हे वाचून तुम्ही हसला असाल, तर त्यालाही हरकत नाही. तुमच्या दाराला काटा नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण मागच्या रविवारी न कळवता कुणीतरी तुमची बेल वाजवली, तेव्हा तुम्ही टीव्हीचा आवाज बारीक केलात, लेकराच्या तोंडावर बोट ठेवलंत आणि पावलं जिना उतरून जाईपर्यंत श्वास रोखून बसलात. आमच्याकडे तेवढ्याच कामासाठी निदान रानात जाऊन फांदी तरी तोडून आणावी लागते.